टीबीचं औषध फुकट, मग घर का बसतं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या रुग्णांचे आणि घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न थोरल्या दवाखान्याच्या बाकड्यावर, इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यांत आणि गावातल्या आशाताईंच्या ओट्यावर रोज विचारले जातात. पान वैद्यकीय सल्ल्याचं नाही. गोळी कोणती, किती दिवस, हे डॉक्टरच सांगतील. इथे बोलायचंय ते पैशाबद्दल.

औषध सरकार फुकट देतं म्हणता. मग खर्च होतो कुठे?

गोळ्या फुकटच आहेत. पण घर गोळ्यांनी बसत नाही. ते बसतं आजार कळण्याआधी आणि हजेरी बुडाल्यावर.

समजा, एका घरात महिन्याला १५,००० रुपये येतात. म्हणजे वर्षाचे १,८०,०००. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीनुसार टीबीपायी वर्षाच्या उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम गेली, तर ते कुटुंब आर्थिक आपत्तीत सापडलं असं धरतात. या घरासाठी ती रेघ ३६,००० रुपयांवर येते. आता हिशेब करा. महिना-दीड महिना खोकल्याची बाटली, इंजेक्शनं, एक्स-रे, 'एकदा सीटी करून घ्या', रिक्षा, एसटी असं करत सहा-सात हजार गेले. मग दोन महिने अंगात ताकद नाही म्हणून काम बंद, त्याचे ३०,००० बुडाले. रेघ ओलांडली, आणि टीबीच्या औषधावर अजून एक रुपया खर्च झालेला नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच की निदान लवकर करून घ्या आणि कागदपत्रांचं काम पहिल्या आठवड्यातच उरका. पुढचे बहुतेक प्रश्न फिरून याच दोन गोष्टींवर येतात.

खोकला जात नाही. कुठे जायचं, आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, थुंकीतून रक्त. यातलं काहीही असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात जा. शहरात असाल तर महापालिकेचा दवाखाना किंवा सीपीआर, म्हणजे थोरला दवाखाना, इचलकरंजीत आयजीएम रुग्णालय, गडहिंग्लज भागात उपजिल्हा रुग्णालय. बेडका तपासणी मोफत होते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही मशीनवरची तपासणीही मोफत. मुख्य औषध, म्हणजे रिफाम्पिसिन, तुमच्या जंतूंवर चालणार की नाही, हेही त्यातच कळतं. नमुना नीट द्या. छातीतून आलेला बेडका लागतो, तोंडातली लाळ चालत नाही. लाळ दिली तर अहवाल 'निगेटिव्ह' येतो आणि पुन्हा महिनाभर बाटल्या सुरू होतात.

पैसे कशावर घालवू नयेत? 'रक्तातून टीबी दाखवतो' म्हणून होणाऱ्या अँटिबॉडी चाचण्यांवर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. कोणी सुचवली तर सरळ नको म्हणा. हातावर टोचून करतात ती मँटू चाचणी किंवा रक्तावरची इग्रा चाचणी यांतून शरीरात जंतू शिरलेत एवढंच समजतं. आज आजार आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. सीटी स्कॅनची काहींना खरंच गरज असते, पण बेडका न तपासता थेट सीटीला पाठवत असतील तर 'आधी बेडका तपासू या का?' असं विचारायला लाजू नका.

आमचे खासगी डॉक्टर चांगले आहेत. त्यांना सोडायचं नाही. मग सरकारी काही मिळणारच नाही का?

मिळतं. डॉक्टर सोडायची गरज नाही. टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही सक्तीचं आहे. एकदा निक्षयवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन टीबी नोंदवहीत, नोंद झाली की खासगी रुग्णालाही सरकारी गोळ्या, मशीनवरची तपासणी आणि पोषणाचे पैसे लागू होतात. नोंद करण्यासाठी आणि पुढे उपचाराचा निकाल कळवण्यासाठी डॉक्टरांनाही प्रत्येकी ५०० रुपये मानधन आहे. त्यामुळे आपण त्यांच्यावर काही उपकार मागतोय असं समजू नका. 'डॉक्टर, माझी निक्षयवर नोंद झाली का? आयडी काय आहे?' हे दोन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

हा निक्षय आयडी म्हणजे काय?

नोंद झाल्यावर मिळणारा तुमचा नंबर. मोबाईलमध्ये, डायरीत आणि घरातल्या आणखी एकाकडे लिहून ठेवा. खाली जे जे लिहिलंय, त्यातलं बरंचसं याच्याशिवाय हलत नाही.

पोषणाचे पैसे किती, आणि कधी येतात?

निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. सहा महिन्यांच्या साध्या टीबीला एकूण ६,००० रुपये, ३,००० च्या दोन हप्त्यांत. पहिला हप्ता निदान झाल्यावर आगाऊ, दुसरा उपचाराचे ८४ दिवस पूर्ण झाल्यावर. उपचार सहा महिन्यांच्या पुढे गेले तर दर महिन्याला १,००० रुपये चालू राहतात. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग कोणी विचारत नाही.

६,००० रुपयांत सहा महिन्यांचा खुराक भागत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण हक्काचे आहेत, सोडू नका.

दोन महिने झाले, खात्यात काहीच नाही. काय अडलं असेल?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा घोडं बँकेच्या कागदावर अडलेलं असतं.

पहिलं कारण जुनं पासबुक. एका यंत्रमाग कामगाराने आणलेलं पासबुक आठवतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, वर सिंडिकेट बँकेचं नाव. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली आणि आयएफएससी बदलला. त्याने पासबुकावरचा जुनाच कोड दिला होता. देना आणि विजया बँक त्याआधी, २०१९ मध्ये, बँक ऑफ बडोद्यात गेल्या. कॉर्पोरेशन आणि आंध्रा बँक २०२० मध्ये युनियन बँकेत. तुमचं खातं यांपैकी कुठल्या बँकेत असेल तर शाखेत जाऊन नवं पासबुक छापून घ्या.

दुसरं, पतसंस्थेचं खातं. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि माणसांचा विश्वासही तिथेच जास्त. पण हे पैसे थेट बँकेत येतात, पतसंस्थेत येत नाहीत.

तिसरं, बंद पडलेलं किंवा केवायसी न झालेलं खातं. जनधनचं खातं उघडून वर्षानुवर्षं हात लावलेला नसतो. शाखेत जाऊन आधार-पॅन देऊन आधी ते चालू करून घ्या.

चौथं, नावातली तफावत. आधारवर माहेरचं नाव, पासबुकात सासरचं, निक्षयवर नुसतं 'सुनीताबाई'. यंत्रणा अशी नावं जुळवत बसत नाही.

पाचवं कारण पटकन लक्षात येत नाही. एकाच घरात दोन रुग्ण असले आणि दोघांनाही एकच खाते क्रमांक दिला, तर दुसऱ्याची नोंद अडकते. प्रत्येकाचं खातं वेगळं हवं. रुग्णाचं स्वतःचं खातं नसेल तर शून्य शिलकीचं उघडा. पोस्टाच्या बँकेचं चालतं आणि पोस्टमन दारात येऊन उघडून देतो.

हे सगळं बरोबर असूनही पैसे आले नाहीत तर आरोग्य केंद्रातल्या एसटीएसना भेटा. एसटीएस म्हणजे तालुक्याचे उपचार पर्यवेक्षक. त्यांच्या स्क्रीनवर पैसे नेमके कुठे अडकलेत ते दिसतं. 'पैसे का आले नाहीत?' असं मोघम विचारलं तर 'येतील' असं मोघमच उत्तर मिळतं. त्यापेक्षा 'माझं खातं व्हॅलिडेट झालंय का? हप्ता जनरेट झालाय का?' असं विचारा. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा क्षयरोग केंद्र आहे, आणि निक्षयची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६.

खायला काय द्यायचं? डॉक्टर 'प्रोटीन घ्या' म्हणतात. पावडरचा डबा परवडत नाही.

डबा घेऊ नका. त्या एका डब्याच्या पैशांत महिनाभराची अंडी येतात. शेंगदाणे, हरभरे, मूग, मटकी, चवळी, नाचणी, दूध, दही आणि रोज एक-दोन अंडी. यातलं काहीच बाहेरून मागवावं लागत नाही. रविवारी मटण झालंच पाहिजे असंही नाही. तांबड्या रश्शात ताकद असते हे आपलं प्रेम झालं, तेवढ्याच पैशांत अंडी आणि डाळ आठवडाभर पुरतात.

दुधाबद्दल एक सांगितलंच पाहिजे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणं ही कोल्हापूरची जुनी हौस आहे आणि तालमीतली पोरं त्यावरच वाढली. पण जनावरांनाही टीबी होतो आणि न तापवलेल्या दुधातून तो माणसात येऊ शकतो. रुग्णाने आणि घरातल्या लहान मुलांनी दूध उकळूनच प्यावं.

खाणं हा आजारपणातला लाड नाही, उपचाराचाच भाग आहे. झारखंडमध्ये झालेल्या 'रेशन्स' अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या घरच्यांना दरमहा धान्य-डाळ दिली, तेव्हा त्या घरांतल्या नव्या टीबीचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झालं. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोकाही बराच कमी दिसला. त्यामुळे 'बाबा आजारी आहेत, त्यांना दूध, आम्ही चहावर भागवतो' हे धोरण घरासाठी बरं नाही.

वजन फारच कमी असेल, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८.५ च्या खाली, तर पहिल्या दोन महिन्यांसाठी जास्त उष्मांकाचा पूरक आहार देण्याची सरकारच्या टीबी कार्यक्रमात तरतूद आहे. वजन-उंची मोजताना ते विचारून घ्या. रेशनचं धान्य चालू आहे ना, रुग्णाचं नाव कार्डावरून कमी झालेलं नाही ना, तेही एकदा बघा.

शिध्याचं किट काहींना मिळतं, आम्हाला नाही. ते कसं?

ते 'निक्षय मित्र' देतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री टीबी मुक्त भारत अभियानात कोणीही व्यक्ती किंवा संस्था रुग्णांना दत्तक घेऊ शकते. महिन्याच्या किटमध्ये मोठ्या माणसासाठी साधारण ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि दूध पावडर किंवा शेंगदाणे असं सुचवलेलं आहे, जमल्यास ३० अंडी. आता घरच्यांनाही किट देता येतं. तुमची संमती निक्षयवर नोंदलेली असेल तरच नाव पुढे जातं. नोंद करताना 'संमती आहे' म्हणायचं राहून गेलं असेल तर आशाताईंना सांगा, ती नंतरही नोंदवता येते. मात्र मित्र मिळेलच अशी हमी नसते.

आणि हे जिल्ह्यातल्या दूध संस्था, पतसंस्था, साखर कारखाने आणि तालीम मंडळांसाठी. गणपतीच्या वर्गणीतून पाच-दहा रुग्णांचा सहा महिन्यांचा शिधा सहज निघतो. फक्त किट देताना फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. फोटो नको म्हणून किटच नाकारणारी घरं आहेत, आणि त्यांचं काही चुकत नाही.

कामावर कधी जाता येईल?

साध्या टीबीत औषध नीट सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत इतरांना लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. ताकद यायला मात्र जास्त वेळ लागतो. हलकं काम डॉक्टरांना विचारून लवकर सुरू करा. रात्रपाळी आणि ओझ्याचं काम थोडं लांबवा. घाईने गेलात आणि पुन्हा झोपलात तर खाडे वाढतात.

कंपनीत ईएसआय कापतात. त्याचा काही उपयोग?

मोठा उपयोग आहे, आणि तो फार थोडे लोक करून घेतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांतले अनेक कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, आहेत. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांचा तो कापला जातो. आजारपणात आधी ९१ दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. टीबी हा दीर्घ आजारांच्या यादीत आहे. त्यामुळे त्यानंतर ८० टक्के दराने, कमाल दोन वर्षांपर्यंत, वाढीव लाभ मिळू शकतो. अट अशी की नोकरीला सलग दोन वर्षं झालेली असावीत आणि आधीच्या चार वर्गणी कालखंडांत (एकेक सहा महिन्यांचा) मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असावी.

१८,००० पगार असेल तर ८० टक्के म्हणजे १४,४०० रुपये. पोषण योजनेच्या १,००० समोर हा आकडा ठेवून बघा.

यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र वेळच्या वेळी लागतं. खासगीत उपचार घेत असाल तरी ईएसआय दवाखान्यात नोंद करा. ठेकेदाराकडे असाल तर पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआय नंबर आहे का ते आजच बघा. पगारातून कापतात पण भरत नाहीत असं निघालं तर ईएसआय कार्यालयात तक्रार करता येते.

मी फौंड्रीत वाळूच्या कामाला आहे. त्याचा टीबीशी संबंध आहे का?

आहे. मोल्डिंगच्या वाळूत, शेकआऊट (साचा फोडणं) आणि फेटलिंगच्या (ओतकाम घासून साफ करणं) धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोका बराच वाढतो. भरपाईसाठी धरल्या जाणाऱ्या व्यवसायजन्य आजारांच्या कायदेशीर यादीत सिलिको-ट्युबरक्युलोसिसचा, म्हणजे सिलिकोसिससोबतच्या टीबीचा, स्पष्ट उल्लेख आहे, सिलिकोसिस हे त्यामागचं मुख्य कारण असेल तर. म्हणजे हा नुसता 'आजार' न राहता कामामुळे झालेली इजा ठरू शकते आणि लाभाचं गणितच बदलतं. डॉक्टरांना तुमचं काम नेमकं सांगा, 'कंपनीत आहे' एवढ्यावर थांबू नका. किती वर्षं, कोणत्या खात्यात, मास्क होता का, हे केसपेपरवर लिहून घ्या. पुढे दावा करायचा झाला तर हाच कागद कामाला येतो.

घरात कमावणारा एकच, तोच आजारी. दरमहा काही मदत?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत क्षयरोगासारख्या आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांचा समावेश आहे. दरमहा १,५०० रुपये मिळतात. वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. हा शेवटचा आकडा वाचून हसू येतं. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. तरी तलाठ्यांकडून उत्पन्नाचा दाखला काढून, सरकारी रुग्णालयाचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून तहसील कार्यालयात अर्ज द्या. आजारपणामुळे उत्पन्न खरोखर थांबलं असेल तर तसं दाखल्यात येऊ द्या. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून उपचार सुरू होताच अर्ज करा.

प्रवासात सवलत?

आहे. एसटीच्या सवलतींच्या यादीत क्षयरुग्ण आहेत. आगारात दवाखान्याचा कागद दाखवून विचारा. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट तसंही आहेच. मोठ्या तपासणीसाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तर रेल्वेत रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सेकंड आणि स्लीपरमध्ये ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात डॉक्टरांची सही-शिक्का लागतो. औषधासाठी मात्र प्रवास करूच नका. गोळ्या उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे ठेवायला सांगा. औषधं नियमित देणाऱ्या अशा मदतनीसाला कोर्स पूर्ण झाल्यावर सरकार १,००० रुपये मानधन देतं.

पैसे उभे करायला म्हैस विकू की सावकाराकडून घेऊ?

दूध देणारी म्हैस शक्यतो विकू नका. तिच्यावर घर चालतं आणि रुग्णाचं दूधही तिच्याच धारेचं. आधी थांबवता येणारे खर्च थांबवा, म्हणजे बाहेरच्या तपासण्या, टॉनिकं आणि 'टीबी आठ दिवसांत बरा' म्हणणारे. मग भिशीचा नंबर पुढे मागून बघा, बचत गटातलं अंतर्गत कर्ज बघा, सोसायटीत किंवा पतसंस्थेत हप्ता पुढे ढकलण्याचा अर्ज द्या. यंत्रमाग मालकाकडून उचल घेतली तर ती फेडायला लवकर कामावर जावं लागतं, हे आधीच मनात धरा. सोनं गहाण टाकायचंच झालं तर बँकेत टाका. परवाना नसलेल्या सावकाराने जमिनीचे कागद किंवा कोरे चेक घेतले असतील तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

एमडीआर निघाला. आता घरच विकावं लागणार का?

नाही. एमडीआर म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी. त्याची औषधं बाजारात फार महाग आहेत, पण कार्यक्रमात ती पूर्ण मोफत आहेत, बेडाक्विलीनसुद्धा. पूर्वी उपचार वर्ष-दीड वर्ष चालायचे. २०२४ मध्ये केंद्राने मान्यता दिलेला 'बीपाल्म' हा चार औषधांचा उपचार पात्र रुग्णांना सहा महिन्यांत पूर्ण करता येतो. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्याही मोफत आहेत, आणि तपासणीला येण्या-जाण्याचा खर्च परत मिळण्याची तरतूद आहे. तिकिटं जपून ठेवा. जुन्या माणसांच्या डोक्यात अजून मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं सॅनिटोरियम असतं. आता तसं महिनोन्‌महिने भरती राहावं लागत नाही. बहुतेकांचा उपचार घरूनच होतो.

महात्मा फुले योजनेतून काय होतं?

रोजच्या गोळ्यांसाठी ती नाही. छातीत पाणी-पू होऊन भरती किंवा ऑपरेशनची वेळ आली, तर यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, गाठा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचा उपचार त्यात बसतो का, हे अनामत भरण्याआधी विचारा, नंतर नको. हेल्पलाइन १५५३८८.

घरातल्या बाकीच्यांचं काय?

सगळ्यांची तपासणी मोफत. ज्यांना आजार नाही, त्यांना प्रतिबंधक औषध मिळतं, तेही मोफत. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत अजिबात टाळू नका. घरात दुसरा रुग्ण निघाला तर वर मांडलेला सगळा हिशेब दुप्पट होतो.

आम्ही ऊसतोडीला आलोय. हंगाम संपला की गावी जाणार. औषध तुटेल का?

तुटू देऊ नका. निघण्याच्या आठवडाभर आधी इथल्या आरोग्य केंद्रात गावाचं नाव सांगून निक्षयवर बदली करून घ्या. वाटेपुरत्या गोळ्या सोबत मागा. आयडी तोच राहतो, पोषणाचे पैसेही त्याच खात्यात येतात. तोडीच्या मधल्या दिवसांत मुकादमाला सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. दवाखाना स्वतःहून सांगणार नाही.

गोळ्या शिल्लक नाहीत, बाहेरून घ्या म्हणाले. मग?

एकही दिवस चुकवू नका, पण गप्पही बसू नका. आधी तालुक्याच्या एसटीएसना आणि जिल्हा क्षयरोग केंद्राला फोन करा. अनेकदा शेजारच्या केंद्रातून साठा मिळतो. २०२४ मध्ये देशभर तुटवडा झाला तेव्हा केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला आणि तेही न जमल्यास रुग्णाचा खर्च भरून द्यायला सांगितलं होतं. म्हणून विकत घ्यावंच लागलं तर पक्कं बिल घ्या, त्यावर रुग्णाचं नाव आणि औषधाचा तपशील असू द्या, आणि चिठ्ठीची झेरॉक्स व निक्षय आयडी जोडून केंद्रात लेखी अर्ज द्या. पोचपावतीवर शिक्का मारून घ्यायला विसरू नका.